मंगळवारची इटालियन: एका तासाचा इतिहास

माझा भाचा मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. दुसरीत आहे. गेल्या दिवाळीत त्यानं साताऱ्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर एक ते वीस आकडे म्हणून दाखवले. ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो. न अडखळता, हात नाचवत. आजीनं कौतुक केलं आणि म्हणाली, "आता मराठीत म्हण बाळा." दहापर्यंत तो धडाधड आला, अकरा-बारा जमलं, पुढे गाडी अडली. आजी हसली. माझी बहीण मात्र हसली नाही. नंतर तिनं मला फोन करून विचारलं, "अरे, ह्याच्या वर्गात एकही इटालियन पोर नाही. अर्धा वर्ग आपल्याकडचाच. मग ह्यांना इटालियन कशासाठी?"

प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. या लेखाची सुरुवात तिथून झाली. तुम्ही मेलबर्नमध्ये वाढला असाल तर तो तास तुम्हीही बसून काढला असेल. लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीत वाढला असाल तर इटालियनच्या जागी फ्रेंच, अरबी किंवा स्पॅनिश असेल. पण वेळापत्रकातला तो चौकोन सगळीकडे सारखाच दिसतो, आणि तो कुणीतरी, कधीतरी, भांडून मिळवलेला असतो.

चौकोन येतो कुठून?

आधी शाळा कशी चालते ते बघू. व्हिक्टोरिया राज्यातल्या प्राथमिक शाळेत एका वर्गाला एकच मुख्य शिक्षिका असते. वाचन, लेखन, गणित, सगळं तीच घेते. मधूनच काही तास येतात जेव्हा ती बाहेर जाते आणि दुसरं कुणीतरी वर्ग घेतं: चित्रकला, संगीत, पी.ई., आणि एखादी भाषा. या तासांना तिथे सरळ 'स्पेशालिस्ट' म्हणतात. मुलंही म्हणतात, "आज आमचा स्पेशालिस्ट डे आहे."

आपल्याला वाटतं, मुलांचा सर्वांगीण विकास व्हावा म्हणून हे तास ठेवले असतील. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं कारण शिक्षकांच्या कामाच्या करारात आहे. प्राथमिक शिक्षकानं आठवड्याला किती तास प्रत्यक्ष वर्गासमोर उभं राहायचं याला मर्यादा असते. व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत ती बराच काळ साडेबावीस तास होती, आणि २०२२ च्या करारानं ती टप्प्याटप्प्यानं २१ तासांवर आणली. वह्या तपासणं, पाठ तयार करणं, पालकांना भेटणं यासाठी शिक्षिकेला मोकळा वेळ हवा, आणि तेवढ्यात वर्ग कुणीतरी सांभाळायला हवा. तो सांभाळतात स्पेशालिस्ट.

हे एकदा कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. भाषेच्या शिक्षिकेला अनेकदा स्वतःची खोली का नसते आणि ती ट्रॉली ढकलत वर्गावर्गात का फिरते. सहल किंवा स्नेहसंमेलन आलं की पहिल्यांदा कोणता तास उडतो. महाराष्ट्रात शिकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. माझ्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना 'उसना' दिला जायचा आणि कधीच परत मिळायचा नाही.

म्हणजे या तासांना जागा मिळते, पण ती कडेची. इतिहास असा, की या कडेच्या जागेसाठीही लोकांना दशकानुदशकं खटपट करावी लागली.

आधी चित्रकला, कारण तिची गोष्ट आपल्या घरातून जाते

तुमच्या आई-वडिलांना विचारा, त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या का. महाराष्ट्रात शिकले असतील तर बहुतेक दिल्या असतील, किंवा वर्गातल्या चार जणांनी तरी दिल्याच असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. शेवटी ए, बी, सी अशी श्रेणी. या परीक्षा आज कला संचालनालय घेतं, पण त्यांची मुळं ब्रिटिश काळात आहेत आणि ती थेट लंडनला पोचतात.

१८५१ साली लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. ब्रिटिश कारखान्यांचा माल स्वस्त आणि भरपूर, पण नक्षीकामात फ्रेंचांच्या मागे, अशी टीका झाली. १८५२ पासून हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी सरकारी खात्यामार्फत ड्रॉइंगचा एक अभ्यासक्रम बसवला. त्यात २३ पायऱ्या होत्या आणि सुरुवात सरळ रेषांपासून. समोरचा नमुना बघायचा, जसाच्या तसा उतरवायचा. कल्पनाशक्तीचा नंबर फार उशिरा यायचा. उद्देश कलावंत घडवण्याचा नव्हताच. कारखान्यासाठी नेमका हात आणि नेमकी नजर हवी होती. या पद्धतीला पुढे साऊथ केन्सिंग्टन पद्धत असं नाव पडलं.

ही पद्धत साम्राज्यभर आणि साम्राज्याबाहेरही गेली. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेचे वर्ग १८५७ मध्ये सुरू झाले. १८६५ मध्ये तिथे जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक आले. दोघंही इंग्लंडच्या त्याच मुशीतले. याच ग्रिफिथ्सनी पुढे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८७० मध्ये कायदा करून सार्वजनिक शाळांत ड्रॉइंग आणलं आणि ते बसवायला वॉल्टर स्मिथ नावाचा साऊथ केन्सिंग्टनचाच माणूस इंग्लंडहून बोलावला. व्हिक्टोरियानं १८७२ च्या कायद्यानं शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं; तिथल्या शाळांतही ड्रॉइंग आलं ते याच वळणाचं, नमुना बघून उतरवण्याचं.

मग बदल कसा झाला? विसाव्या शतकात एक वेगळा विचार जोर धरू लागला: मूल म्हणजे अर्धवट मोठा माणूस नव्हे, त्याच्या चित्राला स्वतःची रीत असते. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी मुलांसाठी कलावर्ग चालवले, जिथे नमुना समोर ठेवलाच जात नसे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट रीड यांचं 'एज्युकेशन थ्रू आर्ट' हे पुस्तक १९४३ साली, ऐन महायुद्धात आलं. युद्धानं पोळलेल्या जगाला त्यातला मुद्दा पटला: आज्ञा पाळणारे हात घडवून आपण कुठे पोचलो ते दिसलंच, आता मुलांना स्वतःचं काही करू द्या. युनेस्कोनं हा विषय उचलला, आणि १९५४ मध्ये दृश्यकलांच्या शिक्षणावरचं एक चर्चासत्र मेलबर्नमध्येच झालं.

तेव्हा आज तुमच्या धाकट्या भावाच्या वर्गात हाताच्या ठशांची मोठी चित्रं लावलेली दिसतात, त्यामागे शंभर वर्षांचा वाद आहे. तो वाद असा: हा तास कुणाच्या उपयोगासाठी आहे? कारखान्याच्या की मुलाच्या? हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण भाषेच्या बाबतीत तोच परत येतो.

भाषा: आधी कुलूप, मग किल्ली

ऑस्ट्रेलियात भाषेचा उपयोग आधी माणसांना बाहेर ठेवण्यासाठी झाला. १९०१ च्या कायद्यानुसार किनाऱ्यावर उतरणाऱ्या माणसाला अधिकारी ५० शब्दांचं श्रुतलेखन देऊ शकत असे, आणि तेही कोणत्याही युरोपीय भाषेत. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. तुम्हाला इंग्रजी येत असेल तर फ्रेंच देणार, फ्रेंच येत असेल तर आणखी काही. कायद्यात 'गोरे' किंवा 'काळे' असा शब्द घालायची गरजच नव्हती. आशियातून आलेला माणूस नापास व्हावा यासाठीच ती परीक्षा होती, आणि १९०९ नंतर ती कुणीच पास झालं नाही.

१९३४ ची गोष्ट तर सिनेमात शोभेल. एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार युद्धविरोधी परिषदेसाठी आला. सरकारला तो नको होता. मेलबर्नच्या बंदरात त्याला उतरू देईनात, तेव्हा त्यानं जहाजावरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीत त्याला श्रुतलेखन दिलं गेलं. किशला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून अधिकाऱ्यांनी निवडली स्कॉटिश गेलिक. तो नापास झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं म्हटलं की कायद्याच्या अर्थानं स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषा धरता येणार नाही. सरकारचं हसं झालं. ही परीक्षा मात्र १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

शाळांमध्येही वारं असंच होतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यानं जर्मन बोलणाऱ्या समाजाच्या ४९ ल्युथरन शाळा बंद केल्या. शाळेत एकच भाषा, हे जवळजवळ देशभक्तीचं लक्षण झालं.

आणि तरीही, किशच्या उडीनंतर काही महिन्यांतच, १९३५ मध्ये, मेलबर्नमधल्या मॅक्रॉबर्टसन मुलींच्या शाळेत शनिवारी सकाळी दोन भाषांचे वर्ग सुरू झाले: जपानी आणि इटालियन. त्या वर्गांची पुढे वाढ होऊन आजची व्हिक्टोरियन स्कूल ऑफ लँग्वेजेस झाली. एकाच देशात, जेमतेम वर्षभराच्या अंतरानं, भाषा कुलूपही होती आणि किल्लीही.

फेन्झा, फार्मा आणि शाळेतली इटालियन

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. ऑस्ट्रेलियाला कामगार हवे होते. १९५१ मध्ये इटलीशी करार झाला आणि माणसं येऊ लागली: कॅलाब्रिया, सिसिली, व्हेनेतो, आब्रुत्सो इथून. बरेचजण बोनेगिलाच्या स्थलांतरितांच्या छावणीत पहिले काही आठवडे काढत. काम लवकर मिळत नाही म्हणून १९५२ मध्ये तिथे इटालियनांनी निदर्शनंही केली. मग कुणी स्नोई पर्वतातल्या धरणांवर, कुणी मोटारींच्या कारखान्यात, कुणी मेलबर्नच्या कार्लटन भागात दुकान टाकून बसलं. १९४७ च्या जनगणनेत इटलीत जन्मलेले जेमतेम ३३ हजार होते. १९७१ मध्ये ते सुमारे २ लाख ८९ हजार झाले.

त्यांची मुलं शाळेत गेली. शाळेचं धोरण एका शब्दात सांगायचं तर 'मिसळा'. इंग्रजी न येणारं मूल सरळ वर्गात बसवायचं, हळूहळू शिकेल. स्थलांतरित मुलांना वेगळी इंग्रजी शिकवण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, म्हणजे करारानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. तोवर एक अख्खी पिढी मागच्या बाकावर बसून मोठी झाली.

इथे एक गंमत आहे, आणि थोडं दुःखही. या मुलांच्या घरात बोलली जाणारी भाषा बहुतेकदा 'इटालियन' नव्हतीच. ती कॅलाब्रियाची किंवा सिसिलीची बोली होती, आणि त्यात ऑस्ट्रेलियात आल्यावर नवे शब्द मिसळले. कुंपणाला 'फेन्झा', शेताला 'फार्मा'. शुद्ध इटालियनमध्ये हे शब्द त्या अर्थानं नाहीत. ते इंग्रजी 'फेन्स' आणि 'फार्म' यांना इटालियन कपडे घालून बनवलेले. आपल्या घरातलं "ग्रोसरी आणली का" किंवा "गाडी पार्क कर" आठवा. अगदी तेच.

म्हणून पुढे शाळेत इटालियन आली तेव्हा अनेक मुलांना ती आजीची भाषा वाटली नाही. पुस्तकातली भाषा वेगळी, स्वयंपाकघरातली वेगळी. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातून येऊन पुण्याच्या पुस्तकी मराठीत 'चुका' काढून घेणाऱ्या मुलाला हे लगेच कळेल.

तास कसा मिळाला

१९७० च्या दशकात तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, राजकारण. १९७३ मध्ये व्हिटलम सरकारमधले मंत्री अल ग्रासबी यांनी बहुसांस्कृतिक समाजाची कल्पना जाहीरपणे मांडली. सरकार बदललं तरी कल्पना टिकली: १९७८ मध्ये मेलबर्नचे वकील फ्रँक गॅलबली यांच्या समितीनं अहवाल दिला, आणि फ्रेझर सरकारनं तो स्वीकारला. दोन्ही पक्षांनी उचलल्यामुळे हा मुद्दा निवडणुकीबरोबर बुडाला नाही.

दुसरी, पैसा. इटलीनं १९७१ मध्ये १५३ क्रमांकाचा कायदा केला. परदेशात काम करणाऱ्या इटालियनांच्या मुलांसाठी भाषेच्या वर्गांना इटालियन सरकार मदत देणार. मेलबर्नमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली को.आस.इट. ही इटालियन समाजाची संस्था होती. अशा संस्थांमार्फत ही मदत वर्गापर्यंत पोचली. शिवाय गॅलबली अहवालानंतर ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकारही समाजाच्या भाषाशाळांना दर मुलामागे अनुदान देऊ लागलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या संस्थांनी वर्ग शनिवारवर सोडला नाही. त्यांनी शिक्षक सरळ नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वेळात पाठवले, विशेषतः कॅथलिक शाळांत. या वर्गांना 'इन्सर्शन क्लास' म्हणत, म्हणजे वेळापत्रकात मध्येच घातलेला तास. आता शाळेची अडचण बघा. तीस मुलांतल्या बारा इटालियन मुलांना वेगळं काढलं तर उरलेल्या अठरांचं काय करायचं? सोपा मार्ग एकच: सगळ्यांनाच शिकवा. आणि इथेच इटालियनचं रूप बदललं. 'त्यांची' भाषा शाळेची भाषा झाली.

यावर वाद झाला. जे पैसे स्थलांतरितांच्या मुलांची मातृभाषा टिकवायला आहेत, ते आयरिश-ऑस्ट्रेलियन मुलांना 'बॉन जोर्नो' शिकवण्यात का घालवायचे, असं लोक विचारू लागले. तो आक्षेप चुकीचा नव्हता. पण परिणाम असा झाला की तासाला इटालियनांच्या बाहेरचे पाठीराखे मिळाले. १९८० च्या दशकात व्हिक्टोरिया सरकारनंही समाजांच्या भाषांसाठी प्राथमिक शाळांना जादा शिक्षक द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये जोसेफ लो बियांको यांनी लिहिलेलं राष्ट्रीय भाषा धोरण आलं. 'इंग्रजी सगळ्यांना, आणि इंग्रजीखेरीज एक भाषाही सगळ्यांना' हा त्याचा गाभा. शाळांतून व्यापकपणे शिकवण्यासाठी त्यात नऊ भाषा सुचवल्या होत्या. इटालियन आणि ग्रीक त्यात होत्या, हिंदी नव्हती.

१९९० च्या दशकात गंमत झाली. व्हिक्टोरियात आलेल्या केनेट सरकारनं एका बाजूला तीनशेहून अधिक शाळा बंद केल्या आणि हजारो शिक्षक कमी केले. दुसऱ्या बाजूला १९९३ मध्ये त्याच सरकारनं सगळ्या मुलांना भाषा शिकवण्याची महत्त्वाकांक्षी योजना आणली. शिक्षक कमी पडतात म्हटल्यावर उपग्रहावरून भाषेचे पाठ प्रक्षेपित करण्याचाही प्रयोग झाला. त्याच सुमारास देशभर अभ्यासक्रमाची आठ क्षेत्रं ठरली, आणि त्यात कला व भाषा ही दोन्ही स्वतंत्र क्षेत्रं झाली. कागदावर तरी ती गणिताच्या शेजारी जाऊन बसली.

केंद्र सरकारची नजर मात्र आशियाकडे वळली होती. १९९४ पासून जपानी, चिनी, इंडोनेशियन आणि कोरियन यांवर पैसा लागला. इटालियन तरीही टिकली, कारण तोपर्यंत तिच्याकडे शिकवणारे होते, पुस्तकं होती, शिक्षक तयार करणारी विद्यापीठं होती आणि दूतावासाचं पाठबळ होतं. म्हणजे माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं साधं उत्तर हे: तुझ्या मुलाच्या वर्गात इटालियन मूल नाही, पण त्या शिक्षिकेला तयार करणारी साखळी पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बांधून ठेवली आहे.

मिळालं काय, गेलं काय

हे सगळं यशोगाथेसारखं वाटेल. थोडं थांबू या. आठवड्याला एक तास शिकून भाषा येत नाही. रंग, आकडे, फळं, वारांची नावं येतात. सातवीत गेल्यावर पुन्हा रंग, आकडे, फळं. शिवाय तास सगळ्यांचा झाला तसा तो इटालियन घरातल्या मुलासाठी फार सोपा किंवा फार परका झाला. आजीची बोली त्यात कधीच नव्हती. समाजानं भाषेला शाळेत जागा मिळवून दिली, पण घरात ती नातवंडांपर्यंत पोचता पोचता विरली.

आणि जागा मर्यादित असली की एकाची आली तर दुसऱ्याची जाते. मेलबर्नच्या फुटस्क्रे भागातल्या सरकारी प्राथमिक शाळेत वीसेक वर्षं व्हिएतनामी-इंग्रजी द्विभाषिक कार्यक्रम चालत होता. २०२० पासून त्याच्या जागी इटालियन आली. कारणं काहीही असोत, व्हिएतनामी कुटुंबांना ते लागलं, आणि त्यांनी जाहीर विरोध केला. एके काळी स्वतःसाठी दार ठोठावणारी भाषा आता दुसऱ्याच्या दारात उभी होती. यात कुणी खलनायक शोधायची गरज नाही. पण हे विसरूही नये.

मॉरिशसचा दुसरा रस्ता

मराठी शाळेच्या वेळापत्रकात आहे असा परदेश जगात आहे: मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज तिथे आहेत. सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मंदारिन, अरबी यांच्याबरोबर मराठीही शिकवली जाते. तिथेही पद्धत स्पेशालिस्टचीच: त्या तासाला वर्ग फुटतो, प्रत्येक मूल आपापल्या भाषेच्या शिक्षकाकडे जातं. मोका इथली, १९७० मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था पुस्तकं तयार करते आणि शिक्षक घडवते.

दोन रस्ते शेजारी ठेवून बघा. मॉरिशसमध्ये मूल पूर्वजांची भाषा शिकतं. मराठी शिकणारं मूल जवळजवळ नेहमी मराठी घरातलंच. त्यामुळे भाषेचा मान टिकतो, पण ती आपल्या आपल्यात राहते, आणि घरी तर क्रिओलच बोलली जाते. मेलबर्नमध्ये इटालियन सगळ्यांची झाली. तिचा पसारा वाढला, खोली कमी झाली. दोन्हीकडे काहीतरी मिळालं आणि काहीतरी सोडावं लागलं.

मग आपलं काय?

संख्येनं होत असतं तर आपण कधीच पुढे असतो. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. इटलीची सगळी लोकसंख्या सहा कोटींच्या आत आहे. २०२४ मध्ये भारत सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो साजरा केला. पण मेलबर्नमधल्या शाळेचा मुख्याध्यापक दर्जा बघत नाही. तो बघतो, की मंगळवारी दुपारी वर्गात उभं राहील असा पात्र शिक्षक माझ्याकडे आहे का.

हिंदीचा अनुभव ताजा आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारच्या 'आशियाई शतक' या धोरणपत्रात हिंदीला प्राधान्याच्या चार भाषांत स्थान मिळालं. पुढे तिचा राष्ट्रीय अभ्यासक्रमही तयार झाला, आणि मेलबर्नच्या आग्नेयेकडच्या क्रॅनबर्नमधल्या रेंजबँक प्राथमिक शाळेसारख्या मोजक्या शाळांनी ती शिकवायला घेतली. मोजक्याच, कारण कागद आला तरी शिक्षकांची साखळी आपोआप येत नाही.

आपल्याकडे आज काय आहे? महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा. भाड्याच्या हॉलमध्ये, सुट्टी मोडून शिकवणारे काका-मावशी. त्यांना हलकं लेखू नका. इटालियनची सुरुवातही शनिवारीच झाली होती. फरक पुढच्या पायरीत आहे: तुमच्यापैकी किती जण शिक्षणाची पदवी घ्यायचा विचार करताय? आपल्याकडे इंजिनीअर आणि डॉक्टर यांची साखळी भक्कम आहे. वर्गात उभं राहून मराठी शिकवण्याचा अधिकृत परवाना असलेली माणसं हाताच्या बोटांवर. वेळापत्रकातला चौकोन मागायला गेलो आणि मिळाला, तर तो भरणार कोण?

दुसरा प्रश्न अवघड आहे. उद्या मराठीचा तास मिळालाच, तर तो कुणाचा असेल? फक्त आपल्या पोरांचा, की शेजारच्या व्हिएतनामी आणि सोमाली मुलांचाही? आणि त्यात कोणती मराठी असेल? तुमच्या आजीची त्यात असेल का? इटालियनांनी हे प्रश्न आधी विचारले नाहीत, उत्तरं त्यांना घडत गेलेल्या गोष्टींनी दिली. आपल्याला निदान त्यांचा अनुभव समोर आहे.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या बाईंवर राग धरून उपयोग नाही." नाहीच. उलट भाच्याच्या इटालियनच्या बाईंनी एक गोष्ट केली. त्यांनी वर्गाला विचारलं, तुमच्या तुमच्या घरी एक ते वीस कसे मोजतात? भाच्यानं घरी येऊन आजीला फोन लावला आणि तेरा ते वीस पाठ करून घेतले. 'एकोणीस' म्हणजे विसाला एक कमी, हे ऐकून तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी त्यानं ते वर्गाला फळ्यावर समजावून सांगितलं.

मेलबर्नच्या त्या शाळेत मराठी दोन मिनिटं शिकवली गेली, ती इटालियनच्या तासाला.

तुमच्या शाळेत तो चौकोन कोणत्या भाषेचा होता, आणि त्या शिक्षकांनी तुम्हाला तुमच्या घरची भाषा कधी विचारली का? आम्हाला लिहून कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.